‘आमचं ठरलंय’ म्हणजे कुणाचं? हद्दवाढीचं एक प्रकरण

ग्रामसभेत ठराव वाचून झाला. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे भाऊसाहेब रजिस्टरात लिहून घेत होते, तेवढ्यात मंडपाच्या मागच्या बाजूनं आरोळी आली, ‘आमचं ठरलंय!’ सगळे हसले. २०१९ च्या लोकसभेला कोल्हापुरात गाजलेली ही घोषणा आता लग्नापासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत कुठंही चालते. इथं ठरलं होतं ते असं: आमच्या गावाचा समावेश कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत करू नये, केल्यास तीव्र आंदोलन छेडू. सर्वानुमते मंजूर.

मी पेशानं वकील. गावकऱ्यांच्या हरकती लिहून द्यायला मला बोलावलं होतं, म्हणून मागं खुर्ची टाकून बसलो होतो. गावाचं नाव देत नाही. शहराला चिकटलेल्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी प्रकरण फारसं बदलणार नाही. त्या दिवशीची सभा ही तहकूब सभा होती, कारण आधीच्या तारखेला गणपूर्तीच झाली नव्हती. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढीही जमली नाहीत तर सभा पुढं ढकलतात, आणि ढकललेल्या सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे त्या मंडपात जेवढी डोकी होती, तेवढंच कायद्याच्या नजरेत अख्खं गाव.

घरी येऊन अर्ज लिहायला बसलो. ‘आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ’ या ठरलेल्या वाक्यानं सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला पेन अडकलं.

रेषेच्या अलीकडं-पलीकडं

कोल्हापूरला नगरपालिका आली १८५४ साली. १५ डिसेंबर १९७२ ला तिची महानगरपालिका झाली, आणि तेव्हापासून शहराची हद्द आहे तिथंच आहे: ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत या हद्दीत ५,४९,२३६ माणसं होती. वस्ती काही रेषेला विचारून वाढत नाही. उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, सरनोबतवाडी या बाजूंना गेलात तर शहर कुठं संपलं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. माणूस राहायला पाचगावात, दुकान राजारामपुरीत, बाजार लक्ष्मीपुरीत आणि दुखलं-खुपलं की सीपीआर या सरकारी दवाखान्यात. घरफाळा मात्र ग्रामपंचायतीला.

म्हणून शहरातली हद्दवाढ कृती समिती म्हणते, ओझं आमच्या रस्त्यांवर आणि कर तुमच्या गावात, हे किती दिवस चालायचं? लोकसंख्या वाढली की निधी वाढतो, मोठ्या योजना येतात. कोल्हापूर मागं पडलं ते याच रेषेमुळं. गावं म्हणतात, आधी आहे तेवढं शहर नीट करून दाखवा. घरफाळा वाढणार, ऊसाच्या रानावर कसली ना कसली आरक्षणं पडणार, सरपंच जाणार, आणि गटारासाठी नगरसेवकाच्या दारात ताटकळावं लागणार. ग्रामसभेत एक मावशी उठून म्हणाल्या, ‘आत्ता पाणी न्हाई आलं तर मी सरपंचाच्या घरासमोर घागर घिऊन बसत्ये. कमिशनरच्या दारात मला कोण बसू दील?’ अख्ख्या सभेत याहून मुद्द्याचं कुणी बोललं नाही, आणि नेमकं हेच रजिस्टरात आलं नाही.

प्रस्ताव किती झाले याची मोजदाद ठेवणं अवघड आहे. गावांची यादी दर वेळी वेगळी. शहरात त्यासाठी बंद आणि उपोषणं झाली, गावांनी त्याविरुद्ध बंद पाळले. मग २०१७ मध्ये सरकारनं मधला मार्ग काढला: हद्दवाढ नको, ४२ गावांचं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण घ्या. त्यात ना शहर खूश झालं ना गावं. बांधकाम परवान्यासाठी आणखी एक दार वाढलं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. २०२५ मध्ये चर्चा पुन्हा आठ गावांवर आली.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ३ प्रमाणं हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा. महापालिकेशी सल्लामसलत करायची, अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या. झालं. ग्रामसभेचा ठराव हा या यंत्रणेत एक हरकत म्हणून मोजला जातो, मत म्हणून नाही. आणि सल्लामसलतीची तर गंमतच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार राज्य सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडं. त्या काळात सरकारनं महापालिकेचं मत विचारणं म्हणजे उजव्या हातानं डाव्या हाताला विचारण्यासारखं होतं. गावांना निदान तहकूब का होईना, सभा होती. साडेपाच लाखांच्या शहराला तेवढीही नव्हती, आणि हे शहरवाल्यांपैकी कुणी फारसं बोलून दाखवलं नाही.

पंचवीस गावं, तीन गावं

‘मग लोकांचं मतच घ्या की,’ असं दोन्ही बाजूंची माणसं म्हणतात. दोघांनाही खात्री असते की कौल आपल्यालाच मिळणार, आणि दोघांचंही बरोबर असतं. गावात मतदान घेतलं तर गाव जिंकेल. शहर आणि गावं एकत्र धरून घेतलं तर शहर जिंकेल, कारण डोकी त्यांच्याकडं जास्त. लोकांनी प्रश्न सोडवायच्या आधीच लोक कोण हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते ठरवणाऱ्याला कुणी निवडून दिलेलं नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस नावाचा एक छोटा कँटन, म्हणजे तिथलं घटक राज्य, आहे, वस्ती जेमतेम ४० हजार. तिथं आजही वर्षातून एकदा, मे महिन्यात, मतदार उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. ७ मे २००६ च्या सभेपुढं विषय होता गावांच्या विलीनीकरणाचा. कँटनमध्ये २५ गावं होती, ती १० करावीत असा सरकारचा प्रस्ताव. एक नागरिक उठला आणि म्हणाला, दहा कशाला, तीनच करा. चर्चा झाली, हात वर झाले, आणि तीन ठरली. सरकारलाच घाम फुटला. २००७ च्या नोव्हेंबरात खास सभा बोलावून लोकांना पुन्हा विचारलं, लोकांनी पुन्हा तेच सांगितलं. १ जानेवारी २०११ पासून ग्लारुसमध्ये तीनच गावं आहेत.

आपल्याकडं ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला लोकशाहीचं भरतं येतं. पण बारकाईनं बघा, तिथं निर्णय गावागावाच्या सभेनं घेतला नाही, सगळ्या कँटननं मिळून घेतला. एखाद्या गावातल्या बहुतेकांना विलीन व्हायचं नसेल, तरी त्यांचं गाव गेलं. स्वित्झर्लंडमध्ये इतरत्र बहुधा उलटी रीत आहे, विलीन होणाऱ्या प्रत्येक गावानं स्वतंत्रपणे हो म्हणायचं. त्या वाटेनंही १९९० च्या सुमाराचे तीन हजारांवर असलेले गावकारभार आता साधारण २१०० वर आले आहेत. हळूहळू, एकेक करून, आणि कित्येकदा नकार पचवून. कोल्हापूरची हद्दवाढ समिती ग्लारुसचं उदाहरण घेईल, विरोधी समिती दुसऱ्या रीतीचं. दोन्ही थेट लोकशाहीच.

वर्तुळात वर्तुळ

संघराज्यात हा पेच आणखी चिघळतो, कारण तिथं लोकांची वर्तुळं एकात एक बसवलेली असतात. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. प्रत्येक वर्तुळ स्वतःला ‘आम्ही’ म्हणतं.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. इथल्या प्रजेचं मतदान कुणी घेतलं नाही. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, जुनागडला मात्र सार्वमत घेतलं होतं, कारण तिथल्या नवाबानं पाकिस्तानची वाट धरली होती. गोव्याला १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आपल्या आजोबांच्या पिढीला तो निकाल झोंबला होता. तरी तो मानला गेला आणि गोव्याचा प्रश्न तिथं मिटला. बेळगावला अशी पेटी कधीच ठेवली नाही. आयोग नेमला, त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सीमाभागातल्या तिसऱ्या पिढीच्या तोंडी अजून त्याच घोषणा आहेत.

राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणं राज्याच्या सीमा संसद बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचं मत मागवायचं, पण ते ऐकलंच पाहिजे असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक फेटाळलं आणि २ जूनला तेलंगणा झालं. महापालिका कायद्याच्या कलम ३ ची आणि घटनेच्या कलम ३ ची घडण एकच आहे: वरच्यानं खालच्याला विचारायचं आणि मग आपल्याला हवं ते करायचं. आकडाही तोच यावा हा योगायोग, पण हरकती लिहिताना मला तो बोचला.

स्विस लोकांनी याच पेचावर एक वेळखाऊ पण चांगली युक्ती केली. बर्न या कँटनमधल्या ज्यूरा भागातल्या फ्रेंच भाषिकांना वेगळं व्हायचं होतं. १९७४ मध्ये आधी त्या सगळ्या भागाला विचारलं, तर कौल वेगळं होण्याकडं पडला. मग ज्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांना ते नको होतं त्यांना १९७५ मध्ये स्वतंत्रपणे विचारलं. ते बर्नमध्येच राहिले. मग ऐन सीमेवरच्या गावांना एकेक करून विचारलं. शेवटी १९७८ मध्ये साऱ्या देशाला विचारलं, आणि १९७९ च्या पहिल्या दिवशी नवा कँटन झाला. तरीही मूतिए नावाचं एक गाव कुरकुरत राहिलं. २०१७ च्या मतदानात ते थोडक्यात ज्यूराच्या बाजूनं गेलं, पण गैरप्रकारांमुळं ते मतदान रद्द झालं. २०२१ मध्ये पुन्हा घेतलं, साधारण ५५ टक्के लोकांनी ज्यूरा म्हटलं. त्यावर दोन्ही कँटनच्या मतदारांनी शिक्कामोर्तब केलं आणि २०२६ च्या सुरुवातीला गाव हललं. पन्नास वर्षं लागली. पण प्रत्येक वर्तुळाला त्याची पाळी मिळाली, मोठ्या वर्तुळाचा कौल लहानावर सरसकट लादला नाही, आणि लहान वर्तुळानंही मोठ्याला कायम अडवून धरलं नाही.

मग इथंही तसंच करा, असं लगेच म्हणवत नाही. लहान वर्तुळाला नकाराधिकार दिला की काय होतं ते इचलकरंजीला विचारा. पंचगंगा घाण झाली, तिला घाण करण्यात वरच्या अंगाला असलेल्या कोल्हापूरचा हात मोठा. म्हणून इचलकरंजीसाठी वारणेतून पाणी आणायचं ठरलं, तर वारणाकाठचं दानोळी गाव विरोधात उभं राहिलं. मग दूधगंगेतून, सुळकुडापासून आणायचं ठरलं, तर कागलकडची गावं उभी राहिली. प्रत्येक गावाचं म्हणणं त्याच्या जागी रास्त: आमच्या शेताचं पाणी जाईल. सगळ्यांच्या रास्त नकारांची बेरीज म्हणजे कोरडे नळ.

आणि नदी तिथंही थांबत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा कर्नाटकात आलमट्टीला अडते. धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला लवादानं मोकळीक दिली आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या शिरोळ-करवीरात यावर मतदान घ्या, विरोधात शंभर टक्के पडतील. विजयपूर-बागलकोटला घ्या, बाजूनं शंभर टक्के. दोन्हीकडं लोकशाही जिंकली आणि पाणी आहे तिथंच. अशा ठिकाणी मतपेटी उपयोगाची नाही. लवाद, तज्ज्ञ, कोर्ट, दोन सरकारांची रटाळ बोलणी, हीच वाट.

जिथं ती चालते

वकिलाला विरुद्ध बाजूही मांडावी लागते. महाराष्ट्रात थेट मतदानाची एक धडधडीत यशस्वी रीत आहे, आणि तिला राज्यशास्त्राच्या वर्गात कुणी थेट लोकशाही म्हणत नाही. आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर एक चतुर्थांश महिलांनी सह्या करून मागणी करायची, मग सरकारी यंत्रणा मतदान घेते: उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद. बंदीसाठी मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. अट कडक आहे आणि कित्येक गावं तिथंच हरली आहेत. पण या कायद्यानं तीन गोष्टी आधीच ठरवून टाकल्या: लोक कोण, किती हवेत, आणि निकालानंतर काय होणार. आमच्या तहकूब सभेत यातली एकही ठरलेली नव्हती.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड याहून वेगळं. मे २०२२, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे दिवस. ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्या ठरावाला दंडाची ताकद नव्हती. तरी त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मुंबईहून आलेला असला आदेश आमच्याकडं फायलीत मेला असता. शिरोळहून मुंबईला गेला म्हणून तो जगला.

पण हात वर करणारे दर वेळी हेरवाडचेच निघतील असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली पुरुषांनी मत देऊन बायकांचा मताधिकार नाकारला, तो देशपातळीवर मिळाला १९७१ मध्ये. आपेन्झेल इनररोडन नावाच्या कँटनच्या चौकात तर १९९० च्या एप्रिलमध्येही पुरुषांनी नाहीच म्हटलं. शेवटी त्याच वर्षी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं तो अधिकार द्यायला लावला. ज्यांचा प्रश्न होता त्या बायका वर्तुळाबाहेर उभ्या होत्या, आणि आतले मोठ्या प्रामाणिकपणे मतदान करत होते.

सह्या

हरकती दाखल करायचा शेवटचा दिवस जवळ आला, तेव्हा गावातली पोरं घरोघरी सह्या घेत फिरली. जुन्या गावठाणात भराभर झाल्या. पुढच्या नव्या कॉलन्यांत अडलं. तिथली निम्मीअधिक मंडळी म्हणाली, आमचं नाव इथल्या यादीत नाही. कुणाचं शिवाजी पेठेत, कुणाचं कसबा बावड्यात, कुणाचं भुदरगडात गावी. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. ही सगळी घरफाळा भरतात, पाणीपट्टी भरतात, आणि ग्रामसभेच्या लेखी गावात नसतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना, माझ्या अंदाजानं, महापालिका हवी आहे. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कायद्यानं मोजता आलं नसतं. उद्या शहरानं कौल घेतला, तर यातले पेठेच्या यादीतले लोक शहराचे म्हणून मत देतील आणि आपलंच राहतं गाव हद्दीत घेतील.

माझं म्हणणं मी गावाच्या अर्जात घातलं नाही. अशिलाच्या विरुद्ध लिहायचं नसतं. पण कुणी विचारलं तर सांगेन: आधी राहत्या पत्त्यावर याद्या दुरुस्त करा, मग गावागावाला वेगवेगळं विचारा, ‘नाही’ म्हणणाऱ्याला सोडा, ‘हो’ म्हणणाऱ्याला घ्या, आणि दहा वर्षांनी पुन्हा विचारायची सोय कायद्यातच ठेवा. शहरालाही विचारा, कारण नव्या गावांचं ओझं त्यांना झेपणार आहे का, हे त्यांनी कधी सांगितलेलंच नाही. निम्म्याची अट आडव्या बाटलीची: आलेल्यांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्मी.

सरपंच दादांना हे चहा पिताना सांगितलं. ते म्हणाले, ‘वकीलसाहेब, याद्या दुरुस्त केल्या तर पुढच्या पंचवार्षिकला मीच पडंन की.’ हसून म्हणाले, पण खोटं बोलत नव्हते.

अर्ज घेऊन निघालो तेव्हा एका पोरानं सहीचा कागद माझ्यापुढं धरला. ‘तुम्ही पण इथंच राहताय न्हवं? करा की एक.’ राहतो. सात वर्षं झाली, याच गावात, हद्दीच्या दगडापासून तीनशे पावलांवर. बायकोनं तिचं नाव इथल्या यादीत आणलं. माझं अजून मंगळवार पेठेत आहे, नाव इकडं आणायचा फॉर्म ८ भरायचा राहिलाय. मी कागद परत दिला आणि म्हटलं, माझी सही चालायची नाही.